ढेकराची हवा येते कुठून?

‘डॉक्टर, गॅसेस झालेत.’ महाराष्ट्रातल्या कुठल्याही दवाखान्यात रोज ऐकू येणारे हे वाक्य. छाती जड झाली तर गॅस, पाठीत उसण भरली तर गॅस, डोके ठणकले तर ‘गॅस डोक्यात चढला’ आणि दंड दुखला तर ‘गॅस हातात धरला’. अनेक घरांत तर एक दृश्य ठरलेले असते. घरातले वडीलधारे माणूस पलंगावर बसलेले, कोणीतरी त्यांची पाठ नाहीतर पोटरी चोळते आहे, आणि जिथे दाबावे तिथून हवा मोकळी व्हावी तसे एकामागून एक मोठ्याने ढेकर येताहेत. ढेकर आले की बरे वाटते. बरे वाटले म्हणजे दुखणे गॅसचेच होते, असा निकाल लागतो आणि विषय संपतो.

पोटरीतून जठराकडे जाणारी हवेची वाट मात्र शरीरात कुठेही नाही. हवा असते ती अन्ननलिका, जठर आणि आतड्यांच्या नळीत. तिथून ती डोक्यात चढत नाही, खांद्यात अडकत नाही आणि गुडघ्यात शिरत नाही. तरीही चोळल्यावर येणारे ते ढेकर खोटे नसतात. आवाज खरा असतो, बाहेर पडणारी हवा खरी असते आणि माणूस सोंग करत नसतो. ही हवा येते कुठून, हा प्रश्न दिसायला किरकोळ आहे. पण सतत ढेकर येणाऱ्या माणसाने वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्या खायच्या, पोटाची दुर्बीण तपासणी करायची, श्वासाचा व्यायाम शिकायचा की तडक हृदयरोगतज्ज्ञाकडे जायचे, हे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

आधी हृदयाचे

यातली शेवटची शक्यता कमी वेळा खरी ठरते. पण जेव्हा ठरते तेव्हा वेळ हातात नसतो. म्हणून ती आधी.

हृदयाचा खालचा पृष्ठभाग श्वासपटलावर टेकलेला असतो आणि श्वासपटलाच्या लगेच खाली डाव्या बाजूला जठर असते. दोन्ही अवयवांकडून निघणारे वेदनेचे संदेश मेंदूकडे जाताना बऱ्याच अंशी एकाच वाटेने जातात. दुखते आहे एवढे मेंदूला कळते, नेमके कोण दुखते आहे हे नेहमी कळत नाही. हृदयाच्या खालच्या भागाचा रक्तपुरवठा अडला की छातीत कळ येण्याऐवजी पोटाच्या वरच्या भागात दाब, मळमळ, उलटी, घाम आणि ढेकर एवढीच लक्षणे दिसू शकतात. मधुमेही, स्त्रिया आणि वयस्कर माणसे यांच्यात अशी फसवी सुरुवात अधिक आढळते. त्यात भारतीय उपखंडातल्या लोकांना पहिला झटका लवकर येतो. ५२ देशांतल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात दक्षिण आशियातल्या रुग्णांचे पहिल्या झटक्याच्या वेळचे सरासरी वय ५३ वर्षे होते. इतरांचे जवळजवळ ५९. त्यामुळे ‘पन्नाशीसुद्धा झाली नाही, याला कसला हार्टचा त्रास’ हा युक्तिवाद आपल्याकडे चालत नाही.

ओळखायचे कसे? एक खूण बरीच उपयोगी पडते. जिना चढताना, चढावर, जेवल्यानंतर चालताना छातीत किंवा पोटाच्या वर दाटून येते आणि थांबले की पाच-दहा मिनिटांत ओसरते, असे वारंवार होत असेल तर ते पोटाचे असण्यापेक्षा हृदयाचे असण्याची शक्यता अधिक. गॅसला जिना कळत नाही. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ढेकर आल्यावर किंवा अँटासिड घेतल्यावर बरे वाटले म्हणजे हृदय ठीक आहे, असे सिद्ध होत नाही. अचानक सुरू झालेली अस्वस्थता, दरदरून घाम, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारे दुखणे, दम लागणे यातले काहीही ढेकरांच्या सोबतीला असेल, तर ओवा-सोडा करत बसू नये. स्वतः गाडी चालवत जाऊ नये, ‘जरा फेऱ्या मारून बघतो’ असेही म्हणू नये. १०८ वर फोन करावा किंवा कोणीतरी रुग्णालयात न्यावे. तिथे पोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी व्हावा, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. पहिला ईसीजी सरळ आला तरी शंका असल्यास तो पुन्हा काढावा लागतो आणि रक्तातील ट्रोपोनिन तपासावे लागते. पहिला कागद चांगला आला म्हणून उठून घरी निघणे धोक्याचे.

नाकातून घातलेली नळी काय सांगते

आता उरलेल्या, म्हणजे बहुसंख्य लोकांच्या ढेकरांकडे वळू.

घोट घेताना, घास गिळताना, नुसती लाळ गिळतानाही थोडी हवा पोटात जाते. ती जठराच्या वरच्या घुमटात साठते. घुमट ताणला गेला की तिथून मज्जातंतूंमार्फत संदेश निघतो आणि अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरची झडप काही सेकंद सैल पडते. हवा वर येते, घशाजवळची दुसरी झडप उघडते आणि ढेकर बाहेर पडतो. हा खरा, जठरातला ढेकर. निरोगी माणसाला दिवसाला असे तीसच्या आसपास ढेकर येऊ शकतात. बहुतेक आवाज न करता येतात आणि लक्षातही राहत नाहीत. ही सोय नसती तर काय झाले असते, याचा अनुभव काही लोक रोज घेतात. त्यांची घशाजवळची झडप उलट्या दिशेने उघडतच नाही, त्यामुळे त्यांना जन्मात कधी ढेकर देता आलेला नसतो. पोट तट्ट फुगते, छातीत दाब येतो, गळ्यातून बेडकासारखे गुरगुर आवाज येतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट बास्टियन या घशाच्या तज्ज्ञाने २०१९ मध्ये अशा रुग्णांची व्यवस्थित नोंद प्रसिद्ध केली आणि त्या झडपेच्या स्नायूत बोटॉक्सचे इंजेक्शन देऊन त्यांना ढेकर देता येऊ लागल्याचे दाखवले. ढेकर ही चैन नव्हे, गरज आहे.

पण ज्याला तासाला पन्नास-साठ ढेकर येतात, त्याच्या जठरात एवढी हवा येते कुठून? बराच काळ समज असा होता की हे लोक नकळत भरपूर हवा गिळतात आणि तीच परत येते. नेदरलँड्समधील आल्बर्ट ब्रेडेनोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हे प्रत्यक्ष मोजून पाहिले. नाकातून अन्ननलिकेत एक बारीक नळी घालायची. तिच्यावर ठरावीक अंतरावर विद्युतरोध मोजणाऱ्या कड्या असतात. नळीशेजारून द्रव गेला की रोध कमी होतो, हवा गेली की वाढतो. कोणत्या कडीवर बदल आधी झाला हे पाहिले की हवा खालून वर आली की वरून खाली गेली, हे कळते.

दिसले ते अनपेक्षित होते. अति ढेकर येणाऱ्या रुग्णांत हवा घशाकडून अन्ननलिकेत शिरत होती आणि जठरापर्यंत न पोचताच उलटी फिरून बाहेर पडत होती. सगळा प्रकार जेमतेम एका सेकंदाचा. श्वासपटल झटक्याने आकुंचन पावते, छातीत पोकळीसारखा ताण तयार होतो, घशाजवळची झडप उघडते आणि पिचकारीत पाणी यावे तशी हवा आत ओढली जाते. मग पोटाच्या स्नायूंच्या दाबाने ती बाहेर. या ढेकराचा पोटातल्या वायूशी संबंधच नाही. म्हणून याला जठराच्या वरचा ढेकर म्हटले गेले. याच गटाने २००६ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. रुग्णाचे लक्ष दुसऱ्या कामात गुंतवले, किंवा आपले ढेकर मोजले जात आहेत हे त्याला ठाऊक नसले, की ढेकरांची संख्या घटते. झोपेत तर हे ढेकर जवळजवळ येतच नाहीत. रात्रभर शांत झोप आणि डोळे उघडताच ढेकरांची माळ, असे असेल तर निदान अर्धे झालेच.

पोटरी चोळण्याचे कोडे इथे बरेचसे सुटते. सुरुवातीला पोटात कसली तरी खरी अस्वस्थता असते. ढेकर आला तर मोकळे वाटेल म्हणून माणूस जरा जोर लावतो. क्षणभर बरे वाटते. काही दिवसांत शरीर ही युक्ती शिकून घेते आणि मग ती इच्छेविना घडू लागते. काळजी वाटली की, कोणी दाबले की, लक्ष पोटाकडे गेले की. म्हणजे हे नाटक नसते, जडलेली सवय असते. तिचा त्रासही खरा असतो. बैठकीत, लग्नात, बसमध्ये माणूस ओशाळतो आणि हळूहळू चारचौघांत जाणे टाळू लागतो. शिवाय प्रत्येक झटक्यात पोटावर दाब पडून जठरातले आम्ल वर येऊ शकते. त्यामुळे आम्लाने ढेकर येतात असे वाटत असताना काहींमध्ये ढेकरांमुळेच आम्ल वर येत असते.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाला यातला एक धागा माहीत होता. चरकसंहितेत ‘न वेगान्धारणीय’ नावाचा अध्यायच आहे. रोखून धरू नयेत अशा तेरा नैसर्गिक वेगांत तिथे उद्गार, म्हणजे ढेकर, मोजलेला आहे. एवढे अनेकांनी ऐकलेले असते. वाग्भटाने अष्टांगहृदयात मात्र दुसरी बाजूही मांडली आहे. वेग अडवल्याने जसे रोग होतात तसेच तो आलेला नसताना बळेच काढल्यानेही होतात, असे तो सांगतो. हा दुसरा भाग घराघरांतल्या पाठ चोळण्याच्या कार्यक्रमात विसरला गेला.

यावरचा इलाज गोळीत नाही. ढेकर कसा तयार होतो, हे रुग्णाला चित्र काढून नीट समजावणे हीच उपचाराची पहिली पायरी आहे. पुढची पायरी पोटाने श्वास घेण्याची. पाठ टेकून बसायचे, एक हात छातीवर आणि एक बेंबीच्या वर. ओठ किंचित विलग, जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे टेकवलेले. या स्थितीत हवा आत ओढणे अवघड जाते. मग नाकाने सावकाश श्वास घ्यायचा, पोटावरचा हात वर यावा, छातीवरचा जवळजवळ हलू नये. त्याहून सावकाश सोडायचा. दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे, आणि ढेकर येणार असे वाटेल त्या क्षणीही. कळ दाबल्यासारखे ढेकर बंद होत नाहीत, काही आठवडे जातात. वाचा-उपचार तज्ज्ञ आणि वर्तनोपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ यात मदत करतात. घरच्यांनी करायची मदत वेगळीच आहे. चोळणे थांबवायचे आणि प्रत्येक ढेकरावर ‘अजून येऊ दे’ म्हणायचेही थांबवायचे.

सोड्याचा दिलासा

जेवण जड झाले की टपरीवरचा लिंबू सोडा किंवा घरात इनोची पुडी, हा सर्वमान्य उपाय. पेला तोंडाला लावल्यावर दोन मिनिटांत दणदणीत ढेकर येतो आणि ‘सगळा गॅस निघून गेला’ असे वाटते. निघून गेला तो बहुतांशी त्या पेल्यातलाच. फेसाळणाऱ्या चूर्णात खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असते. पाण्यात पडताच त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि उरलेला सोडा जठरातल्या आम्लाशी मिळून आणखी वायू तयार करतो. आम्ल थोडा वेळ कमी होते, जळजळ शमते, हे खरे. पण ढेकराचे समाधान उसने असते. नसलेली हवा आधी पोटात घालायची आणि ती बाहेर आली म्हणून हुश्श करायचे. कधीमधी घेतल्याने बिघडत नाही. रोज घेणाऱ्यांनी मात्र त्यातून पोटात जाणारे सोडियम लक्षात घ्यायला हवे. दिवसभरात दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी अशी चूर्णे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

हवा गिळण्याचे बाकीचे मार्ग रोजचेच आहेत. भराभर जेवणे, मोबाइलवर बोलत जेवणे, चहाचे भुरके, थंड पेये, दिवसभर तोंडात सुपारी किंवा च्युइंगगम, चोंदलेले नाक, सैल झालेली कवळी. तंबाखू-मिश्रीचे तर दुहेरी आहे. लाळ वाढते म्हणून गिळणे वाढते आणि निकोटीनमुळे जठराच्या तोंडाची झडपही सैलावते. झोपेत श्वास अडखळतो म्हणून रात्री यंत्राचा मास्क लावणाऱ्यांच्या पोटात हवा जाऊ शकते. त्यांनी यंत्राचा दाब डॉक्टरांकडून तपासून घ्यावा.

आंबट, करपट आणि सडक्या अंड्याचे

ढेकराबरोबर काय येते, यावरून बरेच कळते. मराठीत त्यासाठी शब्दही आहेत, आणि डॉक्टरांना ते जरूर सांगावेत.

आंबट पाणी, छातीत जळजळ, आडवे झाल्यावर किंवा वाकल्यावर त्रास, पहाटेचा कोरडा खोकला ही आम्ल अन्ननलिकेत येण्याची लक्षणे. वाढलेला पोटाचा घेर, रात्री दहाला जेवून साडेदहाला झोपणे, तळण आणि सिगारेट यांनी ती वाढतात. वजन कमी करणे, जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर आणि पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करणे, याने अनेकांना फरक पडतो. जास्तीच्या उश्यांचा तितका उपयोग होत नाही, कारण त्याने कमरेत घडी पडून पोटावर दाब येतो.

चार घास खाताच पोट भरणे, जेवणानंतर तासन्‌तास जडपणा, बेंबीच्या वर दुखणे किंवा जळजळ हे काही महिने चालू आहे आणि दुर्बिणीतून तपासले तर जठर स्वच्छ, अशा माणसांची संख्या फार मोठी आहे. याला कार्यात्मक अपचन म्हणतात. जेवण आल्यावर जठराचा वरचा भाग जसा सैलावायला हवा तसा सैलावत नाही, आणि थोड्या ताणानेही तिथले मज्जातंतू बोंब ठोकतात. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत, तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्य अशा रुग्णाला फार लागते आणि ते बरोबरही नाही. अवयवाची रचना ठीक आहे, काम बिघडलेले आहे. यात कधी कधी नैराश्यावरचे औषध अगदी कमी मात्रेत दिले जाते. इंटरनेटवर त्या गोळीचे नाव शोधून ‘मला वेडा समजतात का’ म्हणत रुग्ण ती फेकून देतो. ती मनासाठी नव्हे, पोटातल्या मज्जातंतूंची संवेदना उतरवण्यासाठी दिलेली असते. हे डॉक्टरांनी आधीच सांगितले तर पुढचा मनस्ताप वाचेल.

काहींच्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. जठरातल्या आम्लात जिवाणू टिकेलच कसा, असे वैद्यकाला वाटत असताना ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये या जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना उलट्या सुरू झाल्या आणि जठराला सूज आल्याचे तपासणीत दिसले. २००५ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि रॉबिन वॉरेन यांना मिळाले. भारतात हा जिवाणू खूप जणांच्या पोटात असतो आणि बहुतेकांना काहीच त्रास देत नाही. पण काहींना त्यामुळे व्रण होतो आणि थोड्यांना पुढे जठराचा कर्करोग. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने तो सापडतो. मात्र पँटोप्राझोलसारखी गोळी चालू असेल तर असलेला जिवाणूही चाचणीत दिसत नाही. म्हणून चाचणीआधी दोन आठवडे ती गोळी आणि चार आठवडे प्रतिजैविके बंद असावी लागतात. व्रणाचे दुसरे मोठे कारण वेदनाशामक गोळ्या. गुडघ्यासाठी रोज घेतलेली गोळी पोटाला छिद्र पाडण्यापर्यंत जाऊ शकते.

सकाळच्या ढेकराला रात्रीच्या भाजीची चव येत असेल तर जठर रिकामे व्हायला उशीर लागतो आहे. अनेक वर्षांचा मधुमेह हे त्याचे नेहमीचे कारण. वजन आणि साखर कमी करण्यासाठी अलीकडे भारतातही वापरली जाणारी सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड ही इंजेक्शने जठराचा वेग मंदावतात, त्यामुळे त्यांवर असणाऱ्यांनाही ढेकर येतात, कधी सडक्या अंड्यासारख्या वासाचे. तोच वास आणि सोबत फेसाळ, दुर्गंधीयुक्त जुलाब असे पावसाळ्यात सुरू झाले, तर दूषित पाण्यातून आलेल्या जिआर्डियाची शंका घेऊन शौच तपासावे.

खालचा वायू वेगळा

वाटाणे, राजमा, कोबी, कांदा यांनी होतो तो वायू ढेकरातून सहसा येत नाही. लहान आतड्यात न पचलेली साखर मोठ्या आतड्यात पोचते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींमध्ये मिथेन तयार होतो. तो खालच्या वाटेने जातो किंवा पोट फुगवतो. दुधातली साखर पचवणारे विकर वयाबरोबर अनेक भारतीयांत कमी होते. त्यांना पेलाभर दूध सोसत नाही, पण दही-ताक बरेचदा चालते, कारण विरजणातल्या जिवाणूंनी थोडी साखर आधीच संपवलेली असते. दोन आठवडे दूध बंद करून पाहणे हा बिनखर्चाचा प्रयोग आहे. मधुमेहाच्या गोळ्यांपैकी व्होग्लिबोज आणि अकार्बोज यांचे कामच पिठूळ पदार्थांचे पचन लांबवण्याचे असते, त्यामुळे वायू हा त्यांचा ठरलेला परिणाम. मेटफॉर्मिननेही काहींचे पोट बिघडते. उपवासाचा साबुदाणा वडा आणि दाण्याची आमटी यांना पचायला हलके का म्हणतात, हे एक गूढच आहे. तेलकट जेवण जठरात जास्त वेळ राहते, उपवास असो वा नसो.

सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसले की सगळे ढेकर त्यांच्या नावावर टाकले जातात. खड्याचे दुखणे वेगळे असते. उजव्या बरगडीखाली किंवा मध्यभागी जोरदार कळ, बहुधा जेवणानंतर किंवा रात्री, अर्ध्या तासापासून काही तास टिकणारी, पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी. अशी कळ कधीच आली नसेल आणि फक्त ढेकर व पोटफुगी असेल, तर शस्त्रक्रियेने खडे जातील, ढेकर राहतील. शस्त्रक्रियेला होकार देण्यापूर्वी हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारावा.

सुटत नाही ती गोळी

पँटोप्राझोल आणि डोम्पेरिडोन यांची जोडगोळी औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय सहज मिळते आणि अनेक जण ती वर्षानुवर्षे चहाच्या आधी घेतात. आम्ल वर येणे आणि व्रण यांवर या वर्गातली औषधे उत्तम आहेत. जठराच्या वरच्या ढेकरावर ती निरुपयोगी. तरी ‘बंद केली की त्रास होतो, म्हणजे मला तिची गरज आहे’ असे वाटते. डेन्मार्कमधील एका प्रयोगात, २००९ मध्ये, पोटाचा काहीही त्रास नसलेल्या १२० लोकांपैकी निम्म्यांना आठ आठवडे याच वर्गातली गोळी आणि नंतर चार आठवडे नकली गोळी दिली. बाकीच्यांना बाराही आठवडे नकली. शेवटच्या चार आठवड्यांत पहिल्या गटातल्या ४४ टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी, अपचन यांपैकी काहीतरी झाले. दुसऱ्या गटात १५ टक्क्यांना. म्हणजे गोळी थांबवल्यावरचा त्रास गोळीनेच निर्माण केलेला असू शकतो. दाबून ठेवलेले आम्ल उसळी मारते आणि काही आठवड्यांत शांत होते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती हळूहळू कमी करायची असते. ज्यांना ती खरोखर लागते, उदाहरणार्थ रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत दिलेली, त्यांनी परस्पर बंद करू नये. डोम्पेरिडोनचे तर हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतात. युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये ते फक्त मळमळ-उलटीसाठी आणि सहसा आठवड्याभरापुरते वापरावे असे सांगितले.

थांबू नये अशी लक्षणे

गिळताना अडकणे, कारण नसताना वजन उतरणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची किंवा काल खाल्लेल्या अन्नाची उलटी, रक्तक्षय, पोटात लागणारी गाठ, जवळच्या नातेवाइकाला जठराचा कर्करोग, किंवा पंचावन्नच्या पुढे पहिल्यांदाच सुरू झालेले अपचन: यातले एक जरी असेल तर गोळ्या बदलून पाहण्यात वेळ न घालवता एंडोस्कोपी करावी. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेवढे आधी आठवून पाहावे. पन्नाशीनंतरच्या स्त्रीचे पोट जवळजवळ रोज फुगत असेल, थोडे खाताच भरत असेल, ओटीपोट दुखत असेल किंवा लघवीला वारंवार जावे लागत असेल, तर अंडाशयाची सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घ्यावी. अंडाशयाचा कर्करोग बऱ्याचदा ‘गॅसेस’ म्हणूनच सुरू होतो आणि तिथेच महिने जातात.

बाकीच्यांनी दवाखान्यात जाण्यापूर्वी आठवडाभराची एक वही करावी. ढेकर किती वाजता, काय खाल्ल्यावर, झोपेत येतात का, काम करताना थांबतात का, चव आंबट की नुसतीच हवा, जिना चढताना काय होते, एवढे लिहावे. आणि चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून सोबत न्यावीत. चूर्णे, काढे, शेजाऱ्यांनी दिलेल्या गोळ्या आणि कंबरदुखीची ती लाल गोळी, जिचे नाव कोणालाच आठवत नाही, तीसुद्धा.